नकाशात थोडी जागा सोडा

इंदूरात रविवारचे दोन कार्यक्रम ठरलेले. सकाळी पोहे-जलेबी, आणि ती जिरवायला प्लॉट बघायला जाणं. प्लॉट घ्यायचाच असतो असं काही नाही. घरात लग्नाचा मुलगा असला, कुणाची एफडी पिकलेली असली किंवा नुसताच पाहुणा आलेला असला, तरी गाडी निघते. पाहुण्याला पूर्वी राजवाडा, काचमंदिर, लालबाग दाखवायचे. आता सुपर कॉरिडॉर दाखवतात. दोन्ही बाजूंना सोयाबीनची शेतं, मध्येच एकटी उभी राहिलेली बावीस मजली मल्टी, आणि होर्डिंगवर हिरवळीत धावणारं ते एकच गोरंपान कुटुंब. त्या कुटुंबाने या रस्त्यावर किती घरं घेतली असतील देव जाणे.

मध्यंतरी पुतण्याबरोबर असाच गेलो. त्याचं ऑफिस त्याच बाजूला, तेव्हा त्याचं बघणं खरं होतं, माझं हौसेचं. सॅम्पल फ्लॅट सुरेख होता. आत कुठेही दारं नव्हती, त्यामुळे खोल्या ऐसपैस वाटत होत्या. पुतण्या पलंगावर आडवा झाला तर घोटे बाहेर आले. पलंगच आखूड करून ठेवलेला. हे चालायचंच. मला गंमत वाटली ती पुढच्या बोलण्याची. हॉल आणि लहान खोली यांच्यामधली भिंत पुढेमागे काढता येईल का, असं त्याने विचारलं. दाखवणारा मुलगा हसून म्हणाला, "सर, मायवन है. पूरी कांक्रीट की दीवार है, हथौड़ा मत लगाना." मायवन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओतायची पद्धत. आठ-दहा दिवसांत मजला उभा राहतो, प्लॅस्टरची कटकट नाही, भूकंपालाही बरं. फक्त त्या घरातली एकही भिंत जन्मात हलत नाही. वर सोसायटीच्या करारात आणखी एक कलम: बाल्कनीत बाहेरून दिसेल असं काही वाळत घालायचं नाही. बिल्डिंगचं रूप बिघडतं म्हणे.

शहर वाढू नये असं म्हणायला मला तोंड नाही. आमच्या वडिलांनी 1980 च्या सुमारास सुदामा नगरच्या बाजूला प्लॉट घेतला तेव्हा आजी म्हणाली होती, "रानात राहायला निघालात का रे?" खरंच रान होतं. काळ्या मातीचा चिखल असा, की पावसाळ्यात सायकल आपल्यावर बसायची. आज तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. 2001 मध्ये पंधरा लाखांच्या आत असलेलं हे शहर 2011 च्या जनगणनेत वीस लाखांना टेकलं, 2014 मध्ये आसपासची 29 गावं महापालिकेत आली, वॉर्ड 69 चे 85 झाले. या वाढीत आम्ही बघे नव्हतो, आधी येऊन बसलेले होतो. तेव्हा आमच्यामागून आलेल्यांना "आता पुरे" म्हणणं शोभणार नाही.

पण वडिलांचं ते घर कसं वाढलं ते सांगतो. आधी दोन खोल्या, संडास बाहेर. आत्याच्या लग्नाआधी मागे एक खोली निघाली. मग काही वर्षं काहीच नाही. मग वरचा मजला, आणि त्याला जिना बाहेरून, कारण आतून काढायला जागाच सोडलेली नव्हती. पुढे तोच जिना कामाला आला, वर भाडेकरू ठेवता आला. गच्चीवर खांबांच्या सळया तशाच वर आलेल्या असायच्या. गंजू नयेत म्हणून आई त्यांवर सिमेंटचं पाणी फासायची आणि टोकांना रिकाम्या बाटल्या उलट्या घालायची, म्हणजे पतंग उडवताना आमच्या पोटात शिरू नयेत. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर अशा बाटल्या. ज्याच्या गच्चीवर सळया, त्याचा अजून इरादा आहे, असं समजायचं. सळया कापून गच्ची गुळगुळीत केली की ते घर निवृत्त.

या सळयांचंच शास्त्र करून एका माणसाने इंदूरात अख्खी वसाहत वसवली. ऐंशीच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने बाळकृष्ण दोशींच्या अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनला काम दिलं: एबी रोडच्या (आग्रा-मुंबई रस्त्याच्या) बाजूला 86 हेक्टर जमीन आहे, गरिबांची सोय करा. दोशींचा जन्म पुण्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. त्यांनी घरं बांधलीच नाहीत. साधारण साडेसहा हजार प्लॉट पाडले, साठ हजार माणसं धरून. सगळ्यात लहान प्लॉट 35 चौरस मीटरचा. गरिबातल्या गरिबाला जोतं, संडास-मोरी, नळ आणि ड्रेनेजची जोडणी मिळाली. ज्याला परवडेल त्याला एखादी खोली. उरलेलं तुम्ही बांधा, जमेल तेव्हा, जमेल तसं. नमुन्यादाखल 80 घरं मात्र उभी करून दाखवली: ओटा असा काढता येतो, जिना असा, बाल्कनी अशी. कडेचे मोठे प्लॉट बऱ्या भावाने विकायचे आणि त्या पैशावर आतले लहान प्लॉट स्वस्त द्यायचे, असा हिशेबही होता. याला 1995 चा आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला, आणि 2018 मध्ये दोशी प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार, मिळवणारे पहिले भारतीय झाले. वसाहतीचं नाव अरण्य. इंदुरी माणसाला त्याचं काही नाही. त्याच्या लेखी तो स्कीम नंबर 78 चा भाग.

मी तिथे अधूनमधून जातो, मित्राचं दुकान आहे त्या बाजूला. परदेशातून वास्तुकलेची मुलं कॅमेरे घेऊन येतात आणि पुस्तकातली ती नमुना घरं शोधत फिरतात. सापडणं कठीण, कारण त्यांवर मजले चढलेत, बाल्कन्यांना जाळ्या आल्यात, ओट्यावर किराणा बसलाय, भिंतींना फरशा लागल्यात. मुलं हिरमुसतात. मला वाटतं, दोशी हिरमुसले नसते. त्यांनी पुरं घर दिलंच नव्हतं, तेव्हा बिघडवलं असं म्हणायचं तरी कशाला? टीका झाली ती वेगळी आणि ती रास्त आहे. बरेच मूळ धारक प्लॉट विकून निघून गेले, चार पैसे असलेले आत आले. गरिबाला जागा दिली की ती त्याच्याकडे टिकेलच याची हमी कुठल्याच नकाशात नसते. तरीही संध्याकाळी तिथल्या गल्लीत ओट्यावर बसून वाटाणे सोलणारी माणसं दिसतात, आणि सुपर कॉरिडॉरच्या बावीस मजल्यांखाली संध्याकाळी फक्त सुरक्षारक्षक दिसतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतो.

तर माझं म्हणणं एवढंच. शहरात नवीन काही यायचं म्हटलं की आम्ही दोनच प्रश्न विचारतो: किती कोटींचं, आणि कधी होणार? तिसरा कुणी विचारत नाही. राहणाऱ्याने त्यात हात घालावा अशी काही जागा ठेवली आहे का?

मल्हारगंजात आमच्या मामांचा वाडा आहे, म्हणजे वाड्याचा मागचा भाग आहे. पुढचा भाग रस्ता रुंदीकरणात गेला. एके सकाळी लाल रंगाचा फराटा आणि बाण, वर मीटरचा आकडा. ज्यांनी तो काढला त्यांच्याशी मामांचं एकच बोलणं झालं, तेही मोबदल्याबद्दल. आणि रोख काही नाही, वाढीव बांधकामाचं प्रमाणपत्र मिळेल, असं उत्तर आलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाने वाढीव बांधकाम करायचं कुठे? शेवटी मामांनी स्वतःच मजूर लावले. गल्लीत सगळ्यांनीच लावले. पोकलेन आली की एका धक्क्यात मागचीही भिंत तडकते. आपण कटरने कापून घेतलं तर निदान उरलेलं शाबूत राहतं. आपलंच घर आपणच सुबकपणे तोडायचं, याची त्या महिन्यात गल्लीत चढाओढ लागली होती. सागवानी तुळया उतरवल्या तेव्हा आतल्या खिळ्यांची डोकी बोराएवढी होती. माजघराची भिंत रस्त्यावर उघडी पडली. हिरव्या रंगाची, मध्ये देवाचा कोनाडा, त्यात तेलाचा काळा डाग, आणि खाली मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा. येणारे-जाणारे मोटारसायकल हळू करून त्या वाचत.

मामींना विचारलं, फार वाईट वाटलं का हो? त्या म्हणाल्या, "वाईट वाटायचं ते वाटलंच. पण शेजारच्या आजींना अटॅक आला होता तेव्हा खाटेवरून चौकापर्यंत न्यावं लागलं होतं. आता अ‍ॅम्ब्युलन्स दारात येते, हेही खरंच आहे ना रे." हे मला आवडलं नाही, पण खोडताही येईना. मग त्यांनीच पुढे जोडलं, "येते, पण उभी कुठे राहणार? बाहेर बघ." बाहेर रुंद झालेल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना चारचाक्या लागल्या होत्या. वाहतुकीला उरलेला रस्ता जवळजवळ पूर्वीएवढाच. ओटा गेला, त्याच्या जागी एक पांढरी एसयूव्ही उभी होती.

शंभर वर्षांपूर्वी याच शहरात या विषयावर एक माणूस भांडला होता. पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडचा, मूळचा जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार. होळकर दरबाराने त्याला बोलावलं आणि 1918 मध्ये त्याने दोन खंडांचा अहवाल दिला. जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ते काढायला त्याचा विरोध. त्याचं म्हणणं, आधी गल्ली-गल्ली पायी फिरा, घर-घर बघा, अगदी मोडकळीला आलेली दोन-चार घरं काढा, तिथे मोकळा चौक होऊ द्या, झाड लावा, हवा खेळेल. वस्ती वाचेल, पैसेही वाचतील. याला तो जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणे. मामांच्या गल्लीत ती कशी झाली असती, याचा मी उगाच नकाशा काढत बसतो कधीकधी.

पण गेडिसची खरी करामत दिवाळीची. 1917 साल, शहरात प्लेगची भीती. लोकांना हा गोरा साहेब म्हणजे घरं पाडायला आलेला माणूस वाटायचा, रस्त्यात बघून कुजबुजायचे. त्याने महाराजांकडे मागणी केली: मला एक दिवस राजा करा. मिळालं राज्य. त्याने दवंडी पिटवली, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या मोहल्ल्याने आपली घरं आणि रस्ते सगळ्यात चांगले साफ केले, डागडुजी केली, तिकडून जाईल. मग काय विचारता. लोकांनी स्वतःच्या खर्चाने गाडेच्या गाडे कचरा बाहेर काढला, भिंती रंगवल्या. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. शिवाय घाणीचा राक्षस, प्लेगचा अवाढव्य उंदीर, आणि नव्या कपड्यांत, मानाने चालणारे शहरातले सफाईवाले. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले.

इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, त्याचं सगळं श्रेय मी या उंदराला देणार नाही. पण जाणकारांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: घंटागाडीचं गाणं वाजलं की ओला-सुका वेगळा करून धावणारी बाई नसती, तर देवगुराडियाचा रोज 550 टन ओला कचरा जिरवणारा बायो-सीएनजी प्रकल्प काय करणार होता? या शहराचं नाव झालं ते जिथे माणसांना काहीतरी करायला ठेवलं होतं, तिथेच.

जिथे ठेवलं नाही, तिथलंही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात हिमांशू पारीख नावाच्या अभियंत्याने इथे एक डोकेबाज काम केलं. झोपडपट्ट्या खान आणि सरस्वती या नद्यांच्या नि नाल्यांच्या काठाने, सखल जागी. ड्रेनेजचं पाणीही उतारानेच जाणार. मग वस्त्यांमधूनच मुख्य लाइन न्यावी, म्हणजे वस्ती आणि शहर दोघांचंही काम एकाच खर्चात होतं. त्यालाही आगाखान पुरस्कार मिळाला, 1998 मध्ये. पुढे देखभाल कुणी करायची हे नीट ठरलं नाही आणि ठिकठिकाणी चेंबरं तुंबली. पाइप जमिनीखाली असतो, त्याला रिबीन कापायची सोय नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. 2025 च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं गेली. पाण्याला वास येतोय, असं तिथले लोक आधीपासून सांगत होते. सत्तर किलोमीटरवरून नर्मदा चढवून आणणारं हे शहर शेवटच्या शंभर फुटांत हरलं.

वाहतुकीबद्दल थोडक्यात आटोपतो, नाहीतर लेख त्यातच अडकेल. बीआरटीएस, म्हणजे जाळ्या लावून फक्त बससाठी राखलेली मार्गिका, 2013 मध्ये आली, साडेअकरा किलोमीटर, निरंजनपूर ते राजीव गांधी चौक. 2025 मध्ये कोर्टाच्या परवानगीने तिच्या जाळ्या काढायला सुरुवात झाली. बस सुसाट जायची, ती माझ्यासारख्याला आवडायची; बाजूच्या गर्दीत अडकलेल्या गाडीवाल्याला ती डोळ्यांत खुपायची. गाडीवाल्याचं ऐकलं गेलं. त्याच वर्षी 31 मेला मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरचा तुकडा सुरू झाला, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीला. पाच स्टेशनांना अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, अवंतीबाई, दुर्गावती, झलकारीबाई अशी नावं आहेत, ते छानच. पहिला आठवडा फुकट होता, सगळं इंदूर शेवेची पुडी घेऊन चक्कर मारून आलं. मग गर्दी ओसरली. ओसरणारच, मेट्रो सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरवर, जिथे खांब रोवायला सोपं आणि चढायला माणूस नाही. जिथे माणूस आहे तिथे, राजवाड्याच्या बाजूला, ती खांबावरून न्यायची की भुयारातून, याचा घोळ चालत राहिला. तीनदा आग सोसलेल्या त्या सात मजली राजवाड्याच्या पोटाखाली यंत्र घालायचं म्हणजे व्यापाऱ्यांचा आणि वारसाप्रेमींचा जीव खालीवर होणारच. चर्चा झाली, आकांडतांडव झालं, पण ते काम मंजूर झाल्यावर. आधी विचारलं असतं तर?

हुकुमचंद मिलचा किस्सा तर अजबच. मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची देणी 2023 च्या डिसेंबरात मिळाली, म्हणजे 32 वर्षांनी. कित्येकांच्या विधवांनी सही केली. एवढ्या काळात त्या 42 एकरांत कुणी पाऊल टाकलं नाही, तर आपोआप जंगल उगवलं. शहराच्या ऐन मध्यावर. आता ती जमीन गृहनिर्माण मंडळाकडे आणि तिथे घरं-दुकानांचा प्रकल्प. झाडं वाचवा म्हणून लोक गेटवर उभे राहिले. दोशींचं अरण्य वसाहत झालं आणि मिलचं अरण्य झालं, हे आमच्या शहराचं नशीब. मला विचाराल तर 42 एकरांपैकी निम्मे तरी तसेच सोडा. त्यात जॉगिंग ट्रॅक, कारंजं, सेल्फी पॉइंट यांपैकी काहीही करू नका. पण देणीही याच जमिनीच्या जोरावर दिली गेली, हे मला ठाऊक आहे; फुकटचं जंगल कुणालाच फुकट पडत नाही.

या सगळ्याच्या वर बसलेला कागद म्हणजे मास्टर प्लॅन. 'इंदूर विकास योजना 2021' ही 1 जानेवारी 2008 ला लागू झाली. मुदत तिच्या नावातच लिहिलेली. ती उलटून वर्षं गेली आणि शहर जुन्याच नकाशावर नवे मजले चढवत राहिलं. नवा मसुदा जेव्हा येईल तेव्हा 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याप्रमाणे दावे-आपत्तीला, म्हणजे आपल्या मराठीत हरकतींना, 30 दिवस मिळतील. तीस दिवसांत इंदुरी माणूस लग्नाची पत्रिकासुद्धा छापून घेत नाही.

म्हणून आमच्या कॉलनीत आम्ही आधीपासूनच आपत्तीचा अर्ज लिहायला घेतलाय. गणपतीच्या मंडळाचीच मंडळी, वही तीच. पहिला मुद्दा पार्किंग निघाला. दुसरा भटकी कुत्री. "काका, कुत्री मास्टर प्लॅनमध्ये येत नाहीत हो," असं सांगून तो मी कसाबसा खोडला, तर काका दोन दिवस बोलले नाहीत. मागचा नाला यादीत पाचवा होता, तो भांडून वर आणला. कोपऱ्यावरच्या वहिनींनी एक मुद्दा सुचवला, तो मला सगळ्यात पटला: नव्या मल्टीला रस्त्याच्या बाजूने कंपाउंडची भिंत नको, बसता येईल असा कट्टा सक्तीचा करा. तो एकमताने मंजूर. अडलंय ते रस्त्यावर. रस्ता रुंद व्हायलाच हवा, यावर सगळे राजी आहेत. पण कुठल्या बाजूने, यावरून समोरासमोरच्या दोन ओळी एकमेकींशी बोलेनाशा झाल्यात. पुढची बैठक गुरुवारी आमच्या गच्चीवर आहे आणि दोन्ही ओळी आपापली मोजपट्टी घेऊन येणार आहेत.